मावशीच्या वायरीतून आलेली माणसं

इकडं कंपन्यांच्या पट्ट्यात, मसाट गावापासून सायली गावापर्यंत, कंपनीवाल्यांच्या जेवढ्या चाळी आहेत ना, त्यात आपल्या खानदेशी माणसांचे जेवढे संसार चालू आहेत, भांडत, रडत, कसेही, ते सगळे मावशीच्या एका वायरीतून आलेत. मी फुगवून सांगत नाही, फुगवायचं काम मावशीचं, माझं नाही. माझा संसारपण त्याच वायरीतून आला, म्हणून तर मला एवढं माहीत. वायर म्हणजे काळी, बारीक, एका टोकाला चपटी पिन, ती कॅमेऱ्यात जाते, आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना, एक पिवळी एक पांढरी, त्या टीव्हीच्या मागं जातात. पिवळीतून चित्र येतं, पांढरीतून आवाज. आता फोटोला कसला आलाय आवाज? मी एकदा विचारलं तसं, तर मावशी म्हणाली, "तरी लावायची गं. नाहीतर पांढऱ्या पिनेला वाईट वाटतं." पिनेला वाईट वाटतं म्हणे! माणसांना काय वाटतं ते तिला कधी विचारायचं सुचलं नाही, पण ते पुढं सांगते.

मावशी माझी सख्खी मावशी नाही, कोणाचीच नाही, पण तिला मावशी न म्हणणारा माणूस मी तरी बघितला नाही. कंपनीच्या गेटवरचा बिहारी वॉचमनसुद्धा "मौसी आयी" म्हणत खुर्चीवरून उठतो. ती शहाद्याकडची, नवरा कधीचा गेला, गेला म्हणजे वारला नाही, नुसता गेला. मसाटला एका रूममध्ये राहते आणि एकट्यानं राहणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे करते. डबे करते म्हणून तिला सगळ्या पोरांची आतली गोष्ट माहीत, कोण पगाराच्या दिवशी डबा भरलेलाच परत पाठवतो म्हणजे कुठं जाऊन बसतो, कोण डबा धुऊन पाठवतो, कोण भाजी आवडली नाही तर झाकण आपटतो. "पोरगा कसा आहे ते त्याच्या आईला विचारू नये, डब्याला विचारावं," असं ती म्हणते. आणि एवढं सगळं माहीत असून टीव्हीवर मात्र तिनं मला माझा नवरा पैलवान दाखवला, हेच तर माझं दुखणं.

तिचा कॅमेरा चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. ती आधी कोणा पुण्याच्या साहेबांकडं स्वयंपाकाला होती, त्यांची बदली झाली तेव्हा बाईसाहेबांनी जुन्या साड्यांबरोबर दिला. कॅमेऱ्याला स्वतःची काच आहे, पण ती तडकलेली, त्यात माणूस बघितला तर चार तुकड्यात दिसतो, म्हणून टीव्हीला लावल्याशिवाय गत नाही. ओल लागू नये म्हणून ती कॅमेरा स्टीलच्या डब्यात तांदळात पुरून ठेवते, आणि एकदा घाईघाईत तिनं त्याच डब्यातले तांदूळ धुवायला घेतले, कॅमेरा खिचडीत जाता जाता राहिला, तेव्हापासून त्या डब्याला कुंकवाचं बोट लावलेलं आहे. कॅमेऱ्यातले पेन्सिल सेल संपले की ती पत्र्यावर पापडाच्या शेजारी उन्हात वाळत घालते. उन्हानं त्यांच्यात जीव येतो म्हणे. येतोपण मेला, एखादी सोयरीक जमण्यापुरता येतो. आणि ती येणार असं कळलं की गल्लीतल्या बायका टीव्हीच्या मागची जळमटं काढायला धावतात, कारण मावशी कोणाच्या घरी गेली की पाणी नंतर पिते, आधी टीव्ही भिंतीपासून ओढून त्याची पाठ बघते. मागं रंगीत गोल भोकं नसली, अगदी अलीकडच्या तऱ्हेचा टीव्ही निघाला, तर असं तोंड करते की जसं काय ह्या घरात पोरगी देण्यासारखं काही उरलंच नाही.

सगळ्यांकडं मोबाइल आहेत, मग हिला वायर घेऊन फिरायची काय गरज, असं कोणीपण म्हणेल. तर तिथंच ती खरी मावशी आहे. एका शिकलेल्या पोरानं तिला सांगितलं, "मावशी, एकदा कॉम्प्युटरला जोडा, सगळे फोटो त्यात घेऊ, मग बसल्या जागेवरून ज्याला पाहिजे त्याला पाठवा." मावशीनं कॅमेरा पदराखाली घेतला, कोणी लेकरू ओढतंय असा. म्हणाली, "आणि मग त्या पोरी कुठं कुठं जातील? तू जाणार का त्यांना परत आणायला?" एका घरी नवऱ्या मुलाचा भाऊ टीव्हीवरच्या पोरीचा मोबाइलनं फोटो काढत होता, मावशीनं पहिल्यांदा वायर ओढली आणि मग त्याच्या हातावर अशी चापट मारली की मोबाइल उप्पीटमध्ये पडला. ती सोयरीक तिथंच मोडली, पण तिच्या कॅमेऱ्यातली पोरगी कधी कोणाच्या मोबाइलात फिरली असं झालं नाही. म्हणून गावाकडचे बाप, जे कोणावर भरवसा ठेवत नाहीत, ते तिच्यासमोर पोरीला उभं करतात. उभं करायचं ते एकाच चादरीसमोर, हिरवी, मोराची, मावशी ती पिशवीतून घेऊन फिरते. इथल्या कितीतरी बायकांचा लग्नाआधीचा एकुलता एक फोटो त्या मोरासमोरचा आहे. पोरांसाठी चादर नाही, पोरांसाठी मोटरसायकल. ती कोणा ठेकेदाराची, कंपनीच्या बाहेर लावलेली असते, मावशी वॉचमनला डोळ्यानं खुणावते आणि पोराला गाडीशेजारी उभं करते.

आणि तिचा एक नियम होता, फार पक्का. बघायला माणसं आली तरी पोरगी बाहेर येणार नाही. आधी टीव्ही बघायचा. पसंत पडली आणि शब्द दिला तरच पोरगी चहा घेऊन येईल, नाही तर माणसांनी उठून जायचं आणि पोरीनं त्यांचं तोंडपण बघायचं नाही. कोणी म्हातारी कुरकुरली तर मावशी म्हणायची, "नाकारायचं ना? टीव्हीला नाकारा. पोरीला तोंडावर नाकारायचं नाही." तिला स्वतःला लहानपणी पोह्याचं ताट घेऊन किती वेळा उभं केलं होतं काय माहीत, ते ती सांगत नाही, पण ती पोहे खात नाही. कोणाच्याच घरी नाही.

माझं सातवीनंतर शाळेतून नाव काढलं, आई आजारी, बहीण सुमी लहान, आणि मग काही वर्षांनी एक दिवस मावशी वायर घेऊन गावात आली. गुरुजींच्या घरी नवीन चपटा टीव्ही होता. माझे वडील, काका, सगळे खाली मांडी घालून बसले, मी खिडकीतून बघत होते. आणि काय तो नवरा, माय! छाती अशी रुंद, तोंड असं गोल, आणि मोटरसायकल तर बैलगाडीएवढी. काका म्हणाले, "ही कोणत्या कंपनीची गाडी?" मोटरसायकलची चाकं अंड्यासारखी लांबट होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही, नवरा बघायला बसलेला माणूस चाकं कशाला बघेल. इकडं मसाटला सासूनं मला असंच टीव्हीवर बघितलं, एवढ्या लांब गावाला कोण येणार, मोरासमोर, मोरपण रुंद आणि मीपण रुंद, आणि तिनं लगेच म्हटलं, "भरलेली आहे पोरगी, कामाला चालेल." मग लग्नात अंतरपाट निघाला आणि आम्ही दोघं एकमेकांच्या मागं बघायला लागलो. देवाशप्पथ. मला वाटलं हा बारका पोरगा करवला आहे, बाजूला होईल आणि मागून खरा नवरा येईल. ह्यांनापण तसंच वाटलं असणार, कारण ह्यांची मान किती वेळ वाकडीच होती. भटजी म्हणाले, "हार घाला की." मग कोण कोणाला घालणार, दोन काड्यांनी एकमेकींना हार घातले.

माणूस वाईट नाही, माझ्या लेकीचे, पिंकीचे पप्पा. दोऱ्याच्या कंपनीत हेल्पर आहेत, आत एवढं गरम असतं की घरी येतात तेव्हा अंगातून भट्टीचा वास येतो, बोलत नाहीत, जेवतात आणि झोपतात. पण सासू! सासूनं मला जे धरलं ते अजून सोडलं नाही. "टीव्हीवर भरलेली होती, घरात खराटा आला." पाण्याची कळशी उचलताना मी वाकले की, "खराटा मोडेल बघ." शेजारीण आली की, "दुकानात दाखवलं एक, पुडक्यात निघालं एक." मी पोटुशी असताना ताटात भाकरीवर भाकरी वाढायची, प्रेमानं नाही, "खा, टीव्हीसारखी हो," म्हणून, आणि उलटी झाली की तेही माझंच. मी रोज घाबरून असायची, हिला आवडेल एवढी जाड व्हायच्या आत ही मला गावाला पाठवून देईल, आणि पिंकी झाली तीपण एवढीशी, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली, मी तिच्या छातीकडं बघत बसायची, वर गेली का, खाली आली का, सासू म्हणाली, "आईच अशी, तर लेकरू काय पाटा-वरवंटा होणार आहे?"

बारशाला मावशी आली, पिंकीचा फोटो काढला आणि आमच्याच टीव्हीला वायर लावली. माझं लेकरू! गुबगुबीत, गाल सुटलेले, मनगटाला वळ्या! मी अशी रडायला लागले आनंदानं, रिमोट माझ्या हातात होता, बोट कुठं लागलं काय माहीत, आणि एकदम दोन बाजूंनी काळ्या भिंती आल्या आणि पिंकी आत चेपली, एवढीशी झाली, होती तशी. मी ओरडलेच, मला वाटलं टीव्हीनं माझ्या लेकराला काय केलं. मावशी हसत हसत आली, माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि म्हणाली, "ते बटन दाबायचं नसतं माय. त्यानं माणूस आहे तेवढाच होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत नसायला काय झालं?" तिला लाजपण नाही. "हे चपटे टीव्ही आपले आपणच माणसाला रुंद करतात. मी फक्त त्यांना अडवत नाही." आणि मग, मी काय तिची सून आहे आणि वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवते आहे, अशी मला टीव्हीच्या मागं घेऊन गेली. पिवळी पिन पिवळ्या भोकात घातली की माणूस रंगात येतो. तीच पिवळी पिन शेजारच्या हिरव्या भोकात घातली आणि रिमोटनं टीव्हीला तसं सांगितलं की सगळा रंग निघून जातो, जुन्या काळच्या फोटोसारखं, काळी काय आणि गोरी काय, सगळ्या सारख्या. "सावळ्या पोरींना हिरव्यात घालायचं. टीव्ही बिघडलाय म्हणायचं. कोणी काही विचारत नाही गं, रुंदी बघतात." मी त्या दिवशी तिला शिव्या द्यायला पाहिजे होत्या. पण तिनं डिंकाचे लाडू आणले होते, माझ्या कमरेसाठी, आणि सासूसमोर ते माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे बाळंतिणीचे, कोणी हात लावायचा नाही." अशा माणसाला शिव्या कशा द्यायच्या ते मला येत नाही.

पिंकी झाली तेव्हा माझी धाकटी बहीण सुमी इकडं आली, लेकरू सांभाळायला, ती राहिलीच. सायलीच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. ती माझ्यासारखीच काडी, वरून माझ्यापेक्षा काळी, पण हसते अशी की ड्यूटीवरून येताना लांबूनच कळतं सुमी आली. सासू म्हणायची, "एक खराटा कमी होता म्हणून दुसरा आणला." मग एकदा सरळच सांगितलं, दिवाळीनंतर ह्या घरात दुसरा खराटा दिसला नाही पाहिजे. आणि गावाला वडिलांनी तिच्यासाठी एक बिजवर बघून ठेवलेला, त्याची मोठी पोरगी सुमीच्या खांद्याला लागते. वडील फोनवर म्हणाले, "तिकडं जमलं तर जमव, नाहीतर पाठवून दे."

मावशीनं स्थळ आणलं. गलोंड्याच्या कंपनीत सुपरवायझर, आधी मसाटला होता तेव्हा मावशीचाच डबा खायचा. "डबा धुऊन पाठवायचा," मावशी म्हणाली, आणि ह्याच्यावर तिच्याकडं दुसरं सर्टिफिकेट नाही. पण त्याची आई मी बाजारात बघितली होती, कोथिंबिरीच्या जुडीतली काडी न् काडी बाहेर काढून भाजीवाल्याला दाखवणारी. मी पिंकीला कडेवर घेतलं आणि मावशीच्या रूमवर पळत गेले. ती भाकरी थापत होती. मी एका दमात सांगितलं, मावशी, पाया पडते, सुमीला ओढू नका, रंग घालवू नका, आहे तशी दाखवा.

"आहे तशी बघायला कोण येतं गं?" मावशीनं वरसुद्धा बघितलं नाही. "आहे तशी तर ती रोज रस्त्यानं जाते. थांबलं का कोणी?"

"पण नंतर, मावशी? घरी गेल्यावर?"

"नंतर लेकरं होतात, बाई आपोआप रुंद होते. मग कोणी विचारत नाही."

"मला अजून विचारतात," मी म्हणाले.

तव्यावरची भाकरी करपली, वास आला, तरी तिनं उलथली नाही. पण हो म्हणाली नाही.

रविवारी ते आले. मुलाची आई, मामा आणि मुलगा. मुलगा आपल्या गुडघ्यांकडं बघत बसला. सुमी आत, ओट्यापाशी, चहाचं आधण ठेवून. मध्ये फक्त पडदा. सासू अशी गोड बोलत होती की मलाच ती कोणी दुसरी बाई वाटली. मावशीनं टीव्ही ओढला, मागं हात घातला, आणि मी बघितलं, तिनं पिवळी पिन हिरव्यात घातली, रिमोट दाबला. चित्र आलं. राखेच्या रंगाचा मोर, आणि त्याच्यासमोर सुमी, रुंद, सरपंचाच्या बायकोसारखी. मावशी म्हणाली, "टीव्ही जरा बिघडलाय." मुलाची आई किती वेळ बघत राहिली, मग मान हलवून म्हणाली, "भरलेली आहे पोरगी."

तोच शब्द. माझ्या सासूचा. मला त्याच्यापुढचं सगळं ऐकू आलं, कळशी, खराटा, पुडकं, सगळं, फक्त माझ्या जागी सुमी. मी कधी उठले मला कळलं नाही. मला करंटची एवढी भीती वाटते की मी ओल्या हातानं दिव्याचं बटनपण दाबत नाही, म्हणून आधी पिंकीला, जी मांडी पहिल्यांदा दिसली तिच्यावर ठेवलं, ती मुलाच्या आईची निघाली, आणि टीव्हीच्या मागं हात घालून पिवळी पिन ओढली आणि पिवळ्यात कोंबली. सगळं निळं झालं. सुमी गेली. मी रिमोट उचलला, पण आता कोणतं बटन, इंग्लिश कोणाला येतं, मी हे दाबलं, ते दाबलं, आवाजाच्या रेघा आल्या. सासू दात खाऊन म्हणाली, "बस खाली, अवदसा." आणि मावशी उठली. मला वाटलं आता मारते. तिनं माझ्या हातातून रिमोट घेतला, माझ्याकडं बघितलं, ओट्यापुढच्या पडद्याकडं बघितलं, जिथं सुमीचे पाय खाली दिसत होते, आणि एक बटन दाबलं. सुमी आली, रंगात, काळी. अजून रुंदच होती. मावशी थोडी थांबली. मग तिनं दुसरं बटन दाबलं, जे दाबायचं नसतं ते. दोन बाजूंनी काळ्या भिंती आल्या आणि मध्ये सुमी उभी राहिली, आहे तेवढी.

"ही पोरगी," मावशी म्हणाली. "मघाची होती ती टीव्हीची."

मुलाची आई पिंकीला मांडीवर घेऊन तशीच बसलेली. "आजारी होती का हो?"

"आजारी कशाला असेल? दिवसभर उभी राहून पॅकिंग करते, घरी येऊन बहिणीचं लेकरू सांभाळते. अशी बाई अशीच दिसते."

मामा म्हणाले, "मग आमचा पोरगा ह्यांना कसा दाखवलाय तुम्ही?"

"तसाच," मावशी म्हणाली. "रुंद."

तेव्हा तो मुलगा हसला. एकदाच, नाकातून, पण हसला. आईनं बघितलं तसा गप्प झाला. मग "कळवतो" म्हणाले आणि उठले. दारात बूट घालताना तो आत पडद्याकडं बघत होता, तर आईनं दुसरा बूट उचलून त्याच्या हातात दिला. कळवलं काही नाही. कळवणार नाहीत हे त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच समजलं होतं.

सुमी पडदा सरकवून ट्रे घेऊन बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. "ताई, हा चहा आता कोण पिणार?" म्हणाली, आणि हसायला गेली, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. माझ्या मनात आलं, मी काय केलं हे, बहिणीचं घर मी माझ्या हातानं उपटून निळं केलं. तोपर्यंत सासूच्या डोक्यात उजेड पडला होता. ती मावशीवर गेली, "म्हणजे मलापण असंच? ही पण अशीच ओढून दाखवली होती का?"

"हो."

"आणि माझा पोरगा?"

"तुझ्या पोराची तर चाकंपण ओढली होती."

मग जे भांडण झालं ते गल्लीनं ऐकलं, गल्लीकडून मसाटनं ऐकलं. सासू म्हणाली, उद्याच्या गाडीनं सुमी गावाला. मावशी खाली बसून वायर गुंडाळत होती, पांढरी पिन पदरानं पुसत होती, तिनं वर न बघता सांगितलं, "सुमी, कपडे घे. माझ्याकडं चल. डब्यांना हात कमी पडतात. तुझ्या बापाला मी सांगते काय सांगायचं ते." सुमी माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली. मावशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, माझ्या अंगावरून गेली, जसा काय मी दरवाजा आहे.

त्यानंतर मावशीचं जे झालं ते बघवत नाही. ज्या बायकांच्या सासवा आजवर नुसत्या टोमणे मारायच्या त्या आता मावशीच्या दारात जाऊन भांडायला लागल्या. एक म्हातारे बाबा तर लेकरं झालेल्या सुनेला घेऊन आले, म्हणाले, "हिला टीव्हीवर बघितली होती तेव्हाची द्या." मावशीनं त्यांना ताक पाजून परत पाठवलं. आता कुठं ती वायर घेऊन गेली की माणसं आधी म्हणतात, "मावशी, रिमोट आमच्याकडं द्या." पहिल्यासारख्या सोयरिकी जमत नाहीत. गावाकडचे बाप मोबाइलवर फोटो पाठवायला लागले, गुलाबी गालांचे, मोठ्या डोळ्यांचे, त्या पोरी कुठं कुठं जातात ते त्यांनाच माहीत. आणि माझी सासू मला खराटा म्हणायची थांबली का? नाही थांबली. फक्त आता म्हणते, "खराटा तर खराटा, वरून बोलका."

मी रविवारी पिंकीला घेऊन मावशीच्या रूमवर जाते. ती मला ये म्हणत नाही, जा पण म्हणत नाही. माझ्याशी बोलायचं असेल तर पिंकीशी बोलते. परवा गेले तर सुमी ड्यूटीला होती, मावशी एकटीच मेथी निवडत होती, पहिल्यापेक्षा वाळलेली दिसली. पिंकीला मांडीवर ओढून म्हणाली, "पिंके, तुझ्या आईला म्हणावं, बस खाली, उभी राहून माझा उजेड अडवू नको."

मी बसले. मेथीच्या चार काड्या घेतल्या. मग मीपण पिंकीलाच म्हटलं, "पिंकी, मावशीला विचार, सुमीचं काही आहे का?"

"म्हणावं, आहे एक. आईबाप नाहीत त्याला. हातावर पोट."

"विचार, त्याला फोटो दाखवला का?"

"दाखवला म्हणावं. पिवळ्यात. दोन्ही भिंती लावून."

"मग?"

मावशीनं बराच वेळ मेथीचा एक देठ सोलला, मेथीला कोणी सोलतं का, पण ती सोलत राहिली. पिंकी तिच्या मांडीवर झोपायला आली होती. बाहेर दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला, पोरं डबे न्यायला येतील म्हणून ती उठायला गेली, गुडघ्याला हात लावला आणि परत बसली.

"मग काय, बघतोय अजून," ती म्हणाली. "खरा माणूस बघायला लोकांना फार वेळ लागतो गं. आणि मी म्हातारी होत चालले."

हे ती पिंकीला नाही म्हणाली, मला म्हणाली.